नकाशा जुना झाला हो!

बालमित्रांनो, आमच्या भंडारा जिल्ह्याचा एखादा फार जुना नकाशा मिळाला तर बघा. आमगाव, देवरी, सालेकसा ही सारी गावं त्यात भंडाऱ्यातच दिसतील. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण भिंतीवरच्या नकाशाला ते कोण सांगणार? नकाशा खोटारडा नाही हं. जुना आहे, एवढंच.

अशाच एका जुन्या नकाशानं आमच्या सातवीतल्या मुलीला रडवलं. संगणकावर पायथन भाषेत ती प्रोग्राम लिहीत होती. एका फाइलमध्ये आयताचं क्षेत्रफळ काढणारं फंक्शन, दुसऱ्या फाइलमध्ये त्याचा वापर. तिनं फंक्शनचं नाव दोन्हीकडे बदललं, दोन्ही फाइली सेव्ह केल्या. तरी कोड लिहायच्या एडिटरनं नव्या नावाखाली लाल रेघ ओढलीच. म्हणे, असं नावच नाही!

"गुरुजी, नाव तं मी बदलवलं जी!" असं म्हणत ती सगळं पुसायलाच निघाली. मी म्हटलं, थांब, आधी चालवून तर बघ. लांबी ५, रुंदी ४, उत्तर आलं २०. बिनचूक!

मग रेघ कशाची? प्रोग्राम चालवताना पायथननं सेव्ह केलेली नवी फाइल पाहिली. एडिटर मात्र दर अक्षराला सगळ्या फाइली वाचत बसला तर गोगलगाय होईल. म्हणून तो नावांची यादी स्मृतीत जपून ठेवतो. या साठवणीला 'कॅश' म्हणतात (दुकानाच्या गल्ल्यातली नव्हे, बरं का!). फाइल बदलली, यादी जुनीच राहिली.

एडिटर बंद करून उघडला, रेघ गायब! पण ही झाली मलमपट्टी. खरं औषध एडिटर बनवणाऱ्यानं द्यायचं. पायथनचीच युक्ती पाहा. दुसऱ्या फाइलला पुरवलेल्या फाइलचं तयार रूप तो जपून ठेवतो, तेव्हा मूळ फाइल कधी बदलली आणि केवढी होती, हेही नोंदवतो. पुढच्या वेळी नोंद जुळली नाही, की जुनं रूप रद्द!

खरी गोम पुढेच आहे. एक फाइल बदलली, की तिच्यावर विसंबलेल्या फाइलींच्या खुणाही नव्यानं तपासाव्या लागतात. नवा नकाशा टांगला आणि शेजारचा तालुक्यांचा तक्ता तसाच ठेवला, तर पोरं परीक्षेत काय लिहिणार? भंडाऱ्यात आता सातच तालुके आहेत.

घरी संगणक असेल तर एकच फाइल दोन वेगळ्या एडिटरमध्ये उघडा. एकीकडे बदल करून सेव्ह करा. दुसरा आपणहून सुधारतो, विचारतो, की जुनंच धरून बसतो? बघा बरं!