बियाण्याचा कायदा आणि आमची उधारीची वही

बीड जिल्ह्यात कापडाचा धंदा करणाऱ्याचे गणित कपाशीच्या बोंडावर चालते. गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणी या भागांत कापूस पिकला तर दिवाळीला दुकानाच्या पायरीवर चपलांचा ढीग पडतो आणि लग्नसराईत बस्ता बांधताना नोकरांना जेवायलाही उसंत मिळत नाही. कापूस गेला तर गिऱ्हाईक येते, चहा पिते आणि "चाचा, पुढच्या साली बघू" म्हणून मागची बाकी तशीच ठेवून जाते. आमच्या २०१७-१८ च्या वहीत अशा बाक्यांची पानेच्या पाने आहेत. त्यातील काही आजही फिटलेल्या नाहीत आणि आम्ही त्या मागतही नाही.

त्या साली गुलाबी बोंडअळी आली होती. बाहेरून बोंड हिरवेगार आणि टणक दिसे. फोडले की आत किडकी सरकी व पिवळा पडलेला कवडी कापूस. जिनिंगवाल्याने असा माल हातात घेतला की भाव विचारण्याची सोय राहत नाही. विशेष म्हणजे हे सर्व बीटी बियाणे होते. बोंडअळी लागू नये म्हणूनच शेतकऱ्याने त्याचे दाम मोजले होते.

मग असे बियाणे विकण्याची परवानगी कोण देतो, दिल्यावर त्यावर नजर कोण ठेवतो आणि बिघडले तर जाब कोणाला विचारायचा? आपले व्यापारी व कारागीर बंधू हा शेतकऱ्याचा प्रश्न समजून पान उलटतात. आम्हीही अनेक वर्षे तसेच केले. परंतु ज्याची उधारी शेतात पेरलेली आहे, त्याला बियाण्याचा कायदा ठाऊक असला पाहिजे.

बीटी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जीवाणूचे एक जनुक प्रयोगशाळेत कपाशीत घातले. त्यामुळे झाडातच अळीला मारणारे प्रथिन तयार होऊ लागले. मावा आणि तुडतुडे यांच्यावर त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी फवारणी करावीच लागते.

अशा बियाण्यांसाठी आपल्या देशात नियम नव्हते असे नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी नियम निघाले. दिल्लीत दोन मोठ्या समित्या. एक जैवतंत्रज्ञान विभागाकडे प्रयोगांवर देखरेख करणारी आणि दुसरी पर्यावरण मंत्रालयाकडे अंतिम परवानगीचा विचार करणारी. हीच 'जीईएसी'. राज्यात एक समन्वय समिती आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेले, राजपत्रातील मराठी आम्हाला दोनदा वाचावी लागते. तरी या जिल्हा समितीच्या सदस्यांची यादी आम्ही लक्ष देऊन वाचली. कारखाना निरीक्षक, प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी, रासायनिक अभियंता, जिल्हा कृषी अधिकारी आणि बैठक बोलावणारे सदस्य म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. यावरून आमची समजूत अशी झाली की १९८९ साली नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे कारखान्यातील अपघात होता, गेवराईच्या बाजारातील बियाण्याचे दुकान नव्हते. बहुतेक जिल्ह्यांत ही समिती कागदावरच राहिली. संसदेच्या कृषी विषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१२ च्या अहवालात या साऱ्या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले होते.

भारताने नियम केले त्यानंतर दहा वर्षांनी जग जागे झाले. २९ जानेवारी २००० रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे 'कार्टाजेना जैवसुरक्षा करार' मंजूर झाला. एका देशातून दुसऱ्या देशात असे बियाणे वा जीव जाताना घेणाऱ्या देशाला आधी माहिती मिळावी आणि नको म्हणण्याचा अधिकार असावा, हा त्याचा गाभा. सौदा करण्याआधी नमुना पाहण्याचा हक्क म्हणा ना. भारताने जानेवारी २००३ मध्ये त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला तो लागू झाला. परंतु बहुतेक गरीब देशांकडे कायदाही नव्हता, प्रयोगशाळाही नव्हती आणि हा विषय जाणणारा अधिकारीही नव्हता. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जागतिक पर्यावरण निधीच्या पैशातून २००१ पासून शंभराहून अधिक देशांना आपापली राष्ट्रीय व्यवस्था लिहून काढण्यास मदत केली. भारतालाही अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण व प्रयोगशाळा यांसाठी अशी मदत मिळाली.

आपल्याकडे मात्र कायदा आधी असूनही बियाणे कायद्याच्या पुढे निघून गेले. जालन्याच्या महिको कंपनीला बीटी कपाशीचे थोडेसे बियाणे आयात करण्याची परवानगी १९९५ मध्ये मिळाली होती आणि त्याच्या चाचण्या चालू होत्या. तेवढ्यात २००१ साली गुजरातेत बोंडअळीने हाहाकार माजवला. सगळीकडची कपाशी गेली, काही शेते तेवढी उभी. तपासणीत निघाले की तिथे 'नवभारत १५१' नावाने विनापरवाना बीटी बियाणे हजारो एकरांवर पेरले होते. पीक जाळून टाका असा दिल्लीहून हुकूम सुटला. कापूस मात्र बाजारात गेला. त्यानंतर पाच महिन्यांनी, २६ मार्च २००२ रोजी, 'जीईएसी'ने महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली.

त्यानंतरची दहा वर्षे आमच्या दुकानाने चांगली पाहिली, हे मान्य केले पाहिजे. २००२-०३ मध्ये देशात १३६ लाख गाठी कापूस झाला होता, तो २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेला. पाणी, खत आणि संकरित वाण यांचाही त्यात वाटा आहे. तरी अळीची धास्ती गेली होती, हे शेतकरी गिऱ्हाईकांच्या चेहऱ्यावर दिसत होते. भिवंडी, मालेगावच्या मागवाल्यांना सूत मुबलक मिळाले. २०२४-२५ ला हाच आकडा सरकारी अंदाजाप्रमाणे तीनशे लाखांच्या आत उतरला.

उतार का लागला? परवानगी देताना एक अट होती. बीटीच्या शेताभोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र साध्या कपाशीचे ठेवायचे. त्यावर जगणाऱ्या अळ्या बीटीला सरावलेल्या अळ्यांशी मिसळतात आणि अळीची सहनशक्ती लवकर वाढत नाही. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी मिळे. ही पुडी आम्ही बांधावर पडलेली पाहिली आहे, चुलीत जाताना पाहिली आहे, एकदा तर आमच्याच दुकानासमोरच्या गटारीत पाहिली आहे. शेतकऱ्याला कोणी समजावले नाही आणि अट पाळली की नाही हे पाहायलाही कोणी फिरकले नाही. वर पाणी असेल तिथे फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवण्याची सवय. अळीला बारमाही दस्तरखान मिळाले. २०१० मध्ये कंपनीनेच कबूल केले की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. २००६ मध्ये आलेले दोन जनुकांचे बोलगार्ड-२ ही पुढे तिला पचले आणि २०१७ साल उजाडले. साधे बियाणे पाकिटातच मिसळून द्यायचे, ही पद्धत त्यानंतर आली.

त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारने कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये मदत जाहीर केली. त्यातील १६,००० रुपये बियाणे कंपन्यांनी द्यायचे होते. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली आणि हा भाग सुनावण्यांत अडकला. तक्रारीला बियाण्याची पावती लागत होती, आणि आपल्या भागात पावती जपून ठेवणारा शेतकरी किती, हे दुकानदाराला सांगायला नको.

पावतीवरून आमचीच गोष्ट. आमची थोडी वडिलोपार्जित जमीन बटाईने दिलेली आहे. काही वर्षांपूर्वी बटाईदार एका ओळखीच्या माणसाकडून 'चोर बीटी' घेऊन आला. तणनाशक फवारले तरी न मरणाऱ्या कपाशीला लोक हे नाव देतात. देशात तिला परवानगी नाही. निंदणीला मजूर मिळत नाहीत म्हणून त्याने मोह धरला. अधिकृत बियाण्यापेक्षा जादा पैसे दिले, पाकिटावर नाव-गाव नव्हते, पावतीचा तर सवालच नाही. निम्मे बी उगवलेच नाही. आम्ही रागावलो तर तो म्हणाला, "चाचा, तुम्ही तरी कुठं प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल देता?" आम्ही गप्प बसलो.

हा किस्सा एकट्या आमचा नाही. २०१७ नंतर केंद्राच्या पाहणीत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत ही विनापरवाना कपाशी आढळली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरून आंदोलन केले आणि गुन्हे दाखल झाले. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याला हवा, ही त्यांची मागणी. तिच्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु परवानगीची वाट बंद ठेवायची आणि मागच्या दाराने माल येऊ द्यायचा, यात फसतो तो पावतीविना घेणारा. पर्यावरण कायद्यातील पाच वर्षांच्या कैदेची तरतूद २०२३ च्या जनविश्वास कायद्याने जाऊन तिथे पंधरा लाखांपर्यंतचा आर्थिक दंड आला.

वांग्याची कथा याच्या उलट. बीटी वांग्याला 'जीईएसी'ने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला. मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी ते थांबवले. बांगलादेशाने तेच वांगे २०१३ मध्ये मंजूर केले. गंमत अशी की वांगे अडवले, पण बीटी कपाशीच्या सरकीचे तेल त्याआधीपासून आपल्या बाजारात होते आणि पेंड म्हशीच्या घमेल्यात होती. त्यावर कोणी सुनावणी घेतली नाही.

कापडाच्या व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे असे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोचे आहे. त्या देशाने २००६ मध्ये जैवसुरक्षा कायदा केला आणि २००८ पासून बीटी कपाशी लावली. अळी आटोक्यात आली, उत्पन्नही बरे आले. पण धाग्याची लांबी घटली आणि गाळपात रुईचा उतारा कमी पडला. लांब धाग्यासाठी नावाजलेल्या त्यांच्या कापसाचा भाव उतरला. अखेर २०१६ च्या सुमारास सारा देश पुन्हा साध्या कपाशीकडे वळला. कायदा होता, चाचण्या झाल्या होत्या, तरी माल विकणाऱ्याचे नुकसान टळले नाही. रुई हातात घेऊन धागा ओढून पाहणारा दलाल हे पहिल्याच हंगामात सांगू शकला असता.

आपल्याकडे धाग्याचे दुसरेच झाले. संकरित बीटी वाण मध्यम व लांब धाग्याचे, त्यामुळे गिरण्या खूश. मराठवाड्याची आखूड, जाड धाग्याची गावरान कपाशी मात्र शेतातून जवळपास गेली. रजई-गादी भरणारे आमच्या शेजारचे पिंजारी चाचा सांगतात, गावरान रुईची गादी दाबली की वर उठते, ही नवी रुई बसते ती बसतेच. त्यांच्या धुनकीला लागणारा माल बाजारातून गेला, हे नुकसान कुठल्याही समितीच्या तक्त्यात आलेले नाही.

आता जालन्याचे बियाणे आफ्रिकेतही पोहोचले आहे. बीडहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या त्याच महिकोचे वाण नायजेरियाने २०१८ मध्ये आणि केनियाने २०१९ च्या अखेरीस मंजूर केले. नायजेरियाने २०१५ मध्ये आणि केनियाने २००९ मध्ये कायदा करून स्वतंत्र संस्था उभ्या केल्या, म्हणजे विचारायला जावे तर एक दार आहे. आपल्याकडे असे प्राधिकरण नेमण्याचे विधेयक एप्रिल २०१३ मध्ये लोकसभेत आले आणि पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपताच बुडाले. पुढे मोहरीच्या वाणावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे परवानगीबाबत एकमत झाले नाही. परंतु केंद्राने राष्ट्रीय धोरण ठरवावे आणि तज्ज्ञ, राज्य सरकारे व शेतकऱ्यांचे प्रतिनिधी यांचा सल्ला घ्यावा, यावर दोघे एक झाले. जिनिंगवाले, सूत व्यापारी, विणकर आणि पिंजारी यांच्या संघटनांनीही आपले म्हणणे लेखी पाठवावे, असे आम्हाला वाटते. धाग्याची लांबी, रुईचा उतारा, गावरान कपाशीचे बियाणे राखणे आणि जिल्हा समितीत बाजाराचा एक माणूस, एवढे चार मुद्दे एका पानात बसतात.

खोटे बियाणे ओळखणे काही अशक्य नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी ओळखण्याची साधी पट्टी केव्हाच तयार केली आहे. पान किंवा बी चुरडून त्यात बुडवली की रेघ उमटते. आणि पावती, लेबल, रिकामी पिशवी व मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपले तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे उभे राहता येते. आमचा बटाईदार आता या चारही वस्तू आमच्याकडे आणून देतो, आम्ही त्या त्याच्याच खात्याच्या पानाला टाचून ठेवतो. बदल्यात त्याने अट घातली आहे की कापड नेताना त्याला पक्के बिल मिळाले पाहिजे.