गोड्या पाण्याचं दुखणं

लाकडी बोट बुडते ती समुद्रात, पण कुजते ती स्वतःच्या पोटातल्या पाण्याने. वेसाव्याच्या खाडीकाठी बोटींची कामं करणारे मिस्त्री ही गोष्ट तोंडाने सांगत बसत नाहीत, तळाच्या फळीत स्क्रूड्रायव्हर खुपसून दाखवतात. बाहेरच्या अंगाला, जिथे वर्षाचे दहा महिने खारं पाणी लागतं, तिथे पातं शिरत नाही. आत, मासळीच्या खणाखाली, जिथे बर्फ वितळून गोडं पाणी मुरतं, तिथे ते पार मुठीपर्यंत जातं.

अंधेरी पश्चिमेच्या मेट्रोच्या टोकाच्या स्थानकाला वेसाव्याचंच वर्सोवा हे नाव आहे खरं, पण तिथे उतरून समुद्र दिसत नाही. सात बंगला मागे टाकून गावात शिरावं लागतं. गल्ल्या अरुंद होत जातात, बोंबील वाळवायच्या वलांडी दिसू लागतात आणि मग एकदम मालाडची खाडी समोर येते. पलीकडे मढ, मधे फेरीबोट आणि अलीकडच्या काठावर एकीला एक खेटून उभ्या असलेल्या मच्छीमार बोटी. मुंबईतल्या मोठ्या कोळीवाड्यांत वेसाव्याची गणना होते. मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्थाही इथून जवळच आहे. १९६१ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत माशांवर संशोधन चालतं आणि काठावर मासे आणणाऱ्या लाकडाची दुरुस्ती.

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. बंदीच्या आधी बोटी वर ओढायच्या, प्लॅस्टिकच्या ताडपत्र्यांनी शाकारायच्या, इंजिन खोलायचं, जाळी विणायला बसायचं, हा गावाचा ठरलेला क्रम. बाहेरच्या माणसाला वाटतं, तळाचं कामही याच दोन महिन्यांत होत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण तळ दुरुस्त करायचा तर लाकूड आधी सुकायला हवं, आणि समुद्र सुट्टी देतो ती नेमकी पावसात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांवर ओलावा लागतो. जुलैतल्या मुंबईच्या ८५-९० टक्के आर्द्रतेच्या हवेत फळी छपराखाली ठेवली, तरी तिच्यातला ओलावा १८-२० टक्क्यांच्या खाली सहसा उतरत नाही. म्हणजे बंदीत हात लावलेला तळ बुरशीच्या उंबरठ्यावरच राहतो. खरं काम व्हायचं असेल तर ते मे महिन्याच्या उन्हात, आणि मे म्हणजे हंगामाची शेवटची कमाई. तळ वाचवायचा तर त्या फेऱ्या सोडाव्या लागतात. हा हिशेब दरवर्षी प्रत्येक नाखवाच्या डोक्यात चालतो, आणि बहुतेक वेळा कमाई जिंकते.

ज्या बोटीचं काम मी जवळून पाहिलं, तिच्या मालकाने फेऱ्या सोडल्या होत्या. बोट सागवानी, चाळीस फुटांच्या पुढची. मेमधल्या उधाणाच्या भरतीला ती वर घेतली. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत वर चढतं, तेव्हा बोट जितकी आत तरंगत येईल तितकी आणायची आणि ओहोटीला ती आपोआप जमिनीवर बसू द्यायची. बसतानाच दोन्ही कुशींना लाकडी टेकू लागतात. टेकू चुकीच्या जागी लागला तर सगळा भार एका फळीवर येतो, म्हणून मिस्त्री तो आतल्या बरगडीच्या रेषेतच लावतो. बरगडी कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. तो खिळ्यांच्या ओळी पाहून ओळखतो.

पहिले दोन दिवस नुसतं खरवडणं. बुडाला चिकटलेली कालवं आणि शेवाळ निघालं की हातोडी घेऊन मिस्त्री बुडाखाली आडवा होतो. प्रत्येक फळीवर वीतभर अंतराने एक ठोका. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं वाजतच नाही. जिथे आवाज मेला तिथे खडूची फुली. या बोटीच्या बाहेरच्या अंगाला फुल्या थोड्याच पडल्या. मग तो आत उतरला.

आत मासळीच्या खणात गुळगुळीत पांढरं फायबर होतं, काही वर्षांपूर्वी मारलेलं, वरून एकही भेग नाही. नाखवा म्हणाला, "मिस्त्री, ह्ये तर नवं हाय." मिस्त्रीने उत्तर दिलं नाही. कोपऱ्यात ग्राइंडर लावून हातभर तुकडा कापला आणि पहारीने उचकटला. आधी आला तो वास, आंबलेला आणि गोडसर. खाली काळं पाणी होतं आणि पाण्याखाली बोटांनी चुरगाळता येईल असं तपकिरी लाकूड.

बोटींना बाहेरून फायबर मारायला लागले त्याला सबळ कारण होतं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो, तेरेडो. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला, म्हणजे आपण बाजारातून आणतो त्या तिसऱ्यांचा लांबचा भाऊबंद. पुढच्या टोकाला दोन इवलेसे शिंपले, त्यांनी तो लाकूड कातरत आत जातो. बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक, आत बोटभर जाडीचा बोगदा. कोलंबसाच्या चौथ्या सफरीतली जहाजं त्याने इतकी चाळण केली की १५०३ मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून सोडून द्यावी लागली. पश्चिम किनाऱ्यावर यावरचा जुना उपाय म्हणजे चुना आणि चरबी यांचा लेप बुडाला देणं, आतून मुशीच्या यकृताचं तेल चोपडणं आणि बोट वर्षातून काही आठवडे कोरडी ठेवणं. पाण्याबाहेर हा प्राणी मरतो. फायबरच्या थराने ही डोकेदुखी बरीच कमी केली, कारण काचेच्या धाग्यांतून तेरेडो शिरू शकत नाही.

पुढे तोच इलाज लोकांनी आतूनही केला. धुवायला सोपं, दिसायला स्वच्छ, वास धरत नाही. इथे गणित उलटं झालं. इंजिनाच्या थरथरीने कधीतरी कोपऱ्यात केसाएवढी फट पडते, बर्फाचं पाणी तिच्यातून उतरतं आणि मग त्याला बाहेर यायला जागा नसते. ओला टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावा, तशी ती फळी वर्षानुवर्षं राहते. खारं पाणी असतं तर मिठाने बुरशीला थोडं तरी रोखलं असतं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जहाज बांधताना बरगड्यांच्या मधल्या जागेत चक्क मीठ भरत, ते याचसाठी. पण बर्फ गोड्या पाण्याचा, पाऊसही गोड्या पाण्याचा.

हे दुखणं फक्त मासेमारी बोटींचं नाही. अमेरिकेत तळ्यांवर माणसाला दोरीने ओढत पाण्यावरून घसरवणाऱ्या स्की बोटी असतात. हा खेळ १९२२ मध्ये मिनेसोटात सुरू झाला आणि साठच्या दशकात स्की नॉटिकसारख्या खास बोटी त्यासाठी निघाल्या. त्या जुन्या बोटी जपणारे हौशी मालक उन्हाळ्यात एकत्र जमतात, इंजिनांचे आवाज ऐकतात, रंगांचं कौतुक करतात आणि शेवटी बोलणं येतं ते तळावर. बाहेरून चकचकीत फायबर, आत प्लायची जमीन, तिच्याखाली लाकडी तुळया आणि तरंगण्यासाठी भरलेला फोम. तळ्याचं पाणी गोडं, झाकणाखाली साचणारा पाऊस गोडा. तीस-चाळीस वर्षांनी जमीन पायाखाली दबू लागते आणि मालक करवत घेऊन बसतो. तिथे हा छंद आहे, इथे पोट आहे. लाकडाला हा फरक कळत नाही.

खणातलं सगळं फायबर काढायला चार माणसं लागली. काचेची धूळ घामावर बसली की अंगाची आग होते, म्हणून पोरं हातांना पावडर चोळून, फडकी बांधून काम करत होती. मग काहीच केलं नाही. खण उघडा ठेवून बोट उन्हात सोडली. संध्याकाळी ताडपत्री, सकाळी पुन्हा ऊन. नाखवा रोज येऊन पाहत होता आणि रोज तेच विचारत होता. समुद्रात जाणाऱ्या शेजारच्या बोटी पाहत हातावर हात ठेवून बसणं ही या कामातली सर्वांत महाग पायरी. तिचं बिल कुणी देत नाही.

सुकल्यावर कळलं की मधलं मुख्य लाकूड, ज्याला पठाण म्हणतात, ते शाबूत आहे. पठाण गेलं असतं तर बोट गेली असती. खराब झाल्या होत्या त्या तळाच्या काही फळ्या आणि बरगड्यांची खालची टोकं. बरगडीसाठी सरळ लाकूड वाकवत नाहीत. बाभळीचं मुळातच वाकडं वाढलेलं खोड निवडतात, म्हणजे धागा वळणाबरोबर जातो आणि भार आला तरी चिरत नाही. नवा तुकडा जुन्याला टोकाला टोक लावून जोडायचा नाही, हातभर लांबीचा तिरका छेद घेऊन एकावर एक बसवायचा. फळ्यांचे सांधेही एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर बोट तिथूनच उघडते.

साग इथे उगाच वापरत नाहीत. त्याच्या अंगात तेल असतं आणि त्यात बसवलेलं लोखंड ओकमध्ये गंजतं तसं गंजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मात्र हे सगळं सागाच्या गाभ्याचं. सालीजवळचा पांढरट भाग इतर कुठल्याही लाकडासारखाच कुजतो, आणि महाग झालेल्या सागात तोच भाग गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला जातो. मिस्त्रीने वखारीतून आलेल्या फळ्यांतल्या दोन याच कारणाने परत पाठवल्या.

फटी बुजवताना कापसाची वात बोथट छिन्नीने ठासतात. नवख्याचा हात इथे घट्ट पडतो. पण पाण्यात गेल्यावर लाकूड फुगणार असतं. आधीच ठासून भरलं तर फुगलेली फळी खिळ्यांनाच उपटते. म्हणून थोडी सैल वात, वर लांबीचा (पुट्टीचा) लेप, आणि बाहेरून फायबर नसेल तर पहिल्या दिवशी थोडं पाणी येणार हे गृहीत धरायचं. एक-दोन दिवसांत फळ्या आपोआप एकमेकींना धरतात.

बाहेरून पुन्हा फायबर मारलं. सागाच्या तेलामुळे रेझिन नीट धरत नाही, म्हणून आधी लाकूड थिनरने पुसून घेतलं. रेझिनमध्ये हार्डनर टाकला की घड्याळ सुरू होतं. मेच्या उन्हात तो कमी घालावा लागतो, नाहीतर डब्यातच धूर निघून गोळा होतो. काटकोनी कोपऱ्यात काचेच्या धाग्यांची मॅट बसत नाही, खाली हवा राहते आणि पहिली भेग तिथेच पडते. म्हणून कोपरे आधी लांबीने गोलसर करून घेतले आणि मग रोलरने एकेक बुडबुडा बाहेर काढला.

आतल्या खणावरून मात्र वाद झाला, आणि तो पाहायला निम्मा काठ जमला. संध्याकाळी कामं थांबली की नाखवा मंडळी टेकूंच्या सावलीत येऊन बसतात आणि दुसऱ्याच्या बोटीचा तळ हा सगळ्यांचा विषय असतो. कुणी फळीवर टकटक करतो, कुणी मिस्त्रीची मजुरी काढतो. त्या संध्याकाळी मिस्त्री म्हणाला, आतून फायबर नको. फळ्यांची जमीन बोल्टवर बसवू, दर काही फेऱ्यांनी उचलायची, खाली खाऱ्या पाण्याने धुवायचं, सुकवायचं, परत बसवायची. शिवाय बरगड्यांच्या खाली पाणी जायला ठेवलेली भोकं मागच्या कारागिराने लांबीने भरून टाकली होती, ती त्याने पुन्हा मोकळी केली होती, म्हणजे सगळं पाणी सर्वांत खोल जागी येईल आणि पंप ते ओढेल.

"वास मारंल त्ये," एका जाडजूड नाखवाने निकाल दिला. "मासली त्यात टाकतंव, संडास नाय." लोक हसले. आणखी एकाने विचारलं, फेरीहून आल्यावर दमलेला खलाशी फळ्या उचलत बसणार का? प्रश्न खरा होता. मिस्त्रीचं उत्तरही खरं होतं. कापून ठेवलेल्या कुजक्या तुकड्यांचा ढीग त्याने पायाने पुढे सरकवला. नाखवा, ह्या बोटीचा मालक, बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बोल्टच लाव."

हा निर्णय स्वस्तातला नाही. गुळगुळीत तळ एकदा केला की विसरता येतो, उघडणाऱ्या तळाची आठवण ठेवावी लागते. पण लाकडी बोटीचा सगळा फायदाच तिथे आहे. तिचा कुजलेला तुकडा काढून दुसरा घालता येतो, नोंदणीचा नंबर तोच राहतो, परवान्यासाठी नव्याने खेटे घालावे लागत नाहीत. अट एकच, तुकडा कुजलाय हे वेळेवर दिसलं पाहिजे.

जूनच्या पहिल्या सरी आल्या तेव्हा ही बोट शाकारून झाली होती आणि शेजारच्या बोटींचे खण ताडपत्रीखाली ओले उघडे पडले होते. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांनाच रंग लागला आणि रंगाखाली कुणाचा तळ कसा आहे ते दिसेनासं झालं. दिवाळीनंतर मिस्त्री भेटला तेव्हा पुढच्या मेसाठी त्याच्याकडे तीन बोटींनी तारखा घेऊन ठेवल्या होत्या. त्यातली एक त्या जाडजूड नाखवाची. बोल्ट किती लागतील, हेही त्याने विचारून घेतलं होतं.