पाठवलेली नोंद जपायची कशासाठी?

अमेरिकेत सुमारे १५ हजार नर्सिंग होम्स आहेत. ती आपल्याकडच्या छोट्या खासगी रुग्णालयांसारखी नव्हेत. वृद्ध आणि परावलंबी माणसं तिथे राहतात, काही तर वर्षानुवर्षे. १९८६ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने तिथल्या हेळसांडीवर अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. त्यातून प्रत्येक रहिवाशाचं ‘मिनिमम डेटा सेट’ या ठरलेल्या नमुन्यात मूल्यमापन करणं बंधनकारक झालं: दाखल झाल्यावर १४ दिवसांत, मग दर तिमाहीला, वर्षातून एकदा सविस्तर आणि प्रकृती लक्षणीय बदलली तर पुन्हा. १९९८ पासून ही माहिती संगणकावरून सरकारकडे जाते. संस्थेला मिळणारे पैसे आणि तिच्या दर्जाचं तारांकन बऱ्याच अंशी याच माहितीवर ठरतं. त्यामुळे एकदा माहिती पाठवली की काम संपलं, अशी समजूत सहज होते. ती चुकीची आहे. पाठवलेलं मूल्यमापन जपून ठेवणं हा रुग्णाच्या देखभालीचाच भाग आहे.

कारण एकट्या मूल्यमापनातून फारसं काही कळत नाही. कळतं ते दोन मूल्यमापनं शेजारी ठेवल्यावर. मूल्यमापनातल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत रहिवाशाला ‘मोजा’, ‘निळा’, ‘पलंग’ हे तीन शब्द म्हणायला सांगतात, वार-महिना-साल विचारतात आणि थोड्या वेळाने तेच शब्द आठवायला लावतात. गुण १५ पैकी. या वेळी ९ मिळाले, तर ही जुनीच अवस्था की गेल्या तिमाहीतल्या १३ वरून झालेली घसरण? दुसरं खरं असेल, तर औषधं आणि संसर्ग तपासायला हवेत. म्हणूनच मागच्या १५ महिन्यांतली सगळी मूल्यमापनं रहिवाशाच्या चालू फाइलमध्ये ठेवावीत आणि देखभालीचा आराखडा त्यांवरून आखावा, असा नियम आहे. मूल्यमापन पूर्ण झाल्याची सही नोंदणीकृत परिचारिका करते आणि ज्याने जो भाग भरला त्याचीही त्या भागासाठी सही लागते. जबाबदारी कोणाची, हे त्यातून ठरतं.

पाठवलेलं सगळं स्वीकारलं जातंच असंही नाही. सरकारी यंत्रणा पडताळणी अहवाल देते. गंभीर चूक असेल तर नोंद परत येते. हा अहवाल म्हणजे संस्थेच्या हातातली पोच आहे. तो जपला नाही, तर परत आलेली नोंद तशीच राहून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुरुस्ती करायची तर तिचीही रीतसर पद्धत आहे. आधी काय लिहिलं होतं आणि नंतर काय बदललं, हे दोन्ही दिसलं तरच त्या दुरुस्तीवर विश्वास बसतो.

यावर परिचारिकांचा आक्षेप रास्त आहे: कागदांत जाणारा वेळ रुग्णाच्या वाट्यातून जातो. पण तीच माहिती चार ठिकाणी भरायला लावणं आणि एकदा भरलेली माहिती नीट जपणं यांत फरक आहे. पहिलं कमी करायलाच हवं. नीट जपलेली नोंद मात्र पुढच्या पाळीच्या परिचारिकेचा वेळ वाचवते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: संस्था स्वतःच लिहिते, मग ते खरं कशावरून? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयांच्या बिलांशी ही मूल्यमापनं ताडून पाहिली. पडून गंभीर दुखापत झाल्याच्या घटनांपैकी जेमतेम ५७.५ टक्के घटना मूल्यमापनांत नोंदलेल्या आढळल्या. आकडा अस्वस्थ करणारा आहे. पण ही त्रुटी उघड झाली ती दोन्हीकडच्या नोंदी शिल्लक होत्या म्हणूनच. जपून ठेवल्याने खोटी नोंद खरी होत नाही, ती पकडता मात्र येते.

या नोंदी पाहण्याचा पहिला हक्क ज्याच्याबद्दल त्या आहेत त्याचा. रहिवाशाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर, सुटीचे दिवस वगळून, २४ तासांत त्या दाखवणं संस्थेवर बंधनकारक आहे. स्वतः बोलू न शकणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी हा हक्क वापरावा: मागचं आणि आताचं मूल्यमापन मागावं आणि काय बदललं, का बदललं, हे विचारावं.