मार्गफलकाचा अर्थ आणि त्याचे स्थान

‘हा’, ‘तो’, ‘इकडे’ हे दर्शक शब्द होत. बोलणारा कोठे उभा आहे व कोणीकडे वळून बोलत आहे हे कळल्यावाचून त्यांचा अर्थ पुरा होत नाही. मार्गफलकही याच जातीचे चिन्ह आहे. पुणे-सोलापूर महामार्गाने लोणी काळभोरकडे जाताना लाल वर्तुळात ‘४०’ हा अंक दिसला, तर ती वेगमर्यादा आपल्या मार्गास लागू आहे की लगतच्या एखाद्या उपरस्त्यास, हे अंकावरून नव्हे, तर फलकाच्या जागेवरून व रोखावरून ठरते. म्हणून संगणकाने फलक नुसता ओळखून भागत नाही. अवकाशातील त्याचे स्थानही त्यास काढता आले पाहिजे.

पहिली पायरी शोधाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ६७’ या संहितेत ‘थांबा’ यासाठी अष्टकोन, ‘वाट द्या’ यासाठी उलटा त्रिकोण व धोक्याच्या सूचनांसाठी सुलटा त्रिकोण योजिला आहे. रंग व आकार यांवरून संगणक संभाव्य फलक निवडतो. परंतु उडालेला रंग, धूळ, आड आलेली फांदी व भोवतालच्या जाहिराती त्यास चकवितात. यास्तव हजारो छायाचित्रांवरून त्यास शिकवावे लागते. जर्मनीत २०११ साली स्पर्धेसाठी प्रसिद्ध झालेल्या अशा संग्रहात ४३ प्रकारच्या फलकांची ५०,००० हून अधिक चित्रे होती.

दुसरी पायरी पुनर्रचनेची. वस्तूची चित्रातील रुंदी अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. समजा, एका चित्रात फलक १५ चित्रबिंदू रुंद दिसला आणि वाहन सरळ २० मीटर पुढे गेल्यावर ३० बिंदू दिसला. रुंदी दुप्पट झाली, म्हणजे अंतर निम्मे झाले. अर्थात फलक प्रथम ४० मीटरांवर होता व आता २० मीटरांवर आहे. कॅमेऱ्याचे नाभीय अंतर १,००० बिंदू असेल, तर फलकाची खरी रुंदी ६० सेंटिमीटर ठरते. दुसऱ्या चित्रात तो मध्यापासून २०० बिंदू डावीकडे असेल, तर तो वाहनाच्या रेषेच्या ४ मीटर डावीकडे आहे. वर्तुळ किती चपटे दिसते, यावरून त्याचा रोखही अजमावता येतो.

मात्र पहिल्या चित्रात १५ ऐवजी १६ बिंदू मोजले गेले, तर त्या एकाच चित्रावरून काढलेले अंतर ४० ऐवजी ३७.५ मीटर येईल. म्हणून अनेक चित्रांची साक्ष एकत्र घेतात. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली अनेक कॅमेरे बसविलेल्या वाहनाच्या चित्रांवर ही रीत वापरली. सर्व चित्रांचा उलगडा थोडक्यात थोड्या फलकांनी करणारी मांडणी ग्राह्य धरावी, हे त्यांचे तत्त्व. थोड्या नियमांत पुष्कळ रूपे बसविणारे व्याकरण सरस मानणाऱ्यास हे तत्त्व परके वाटणार नाही.

हवेली तालुक्यात लोणी काळभोर सोलापूर रस्त्यावर आहे, तर लोणी कंद नगर रस्त्यावर. पुसट फलकावर ‘लोणी’ एवढेच वाचता आले, तर उलगड्याचा पहिला आधार त्याची जागाच. तसेच खांबावर फिरलेला फलक अक्षरे शाबूत असूनही भलत्याच रस्त्यास आज्ञा देतो. नुसते वाचन करणाऱ्या यंत्रास तो निर्दोष दिसेल. त्याचा दोष पुनर्रचनेनेच उघड होईल.