स्थिर गुणोत्तराची निवड (प्रतिमा संपादन)

स्थिर गुणोत्तराची निवड ही प्रतिमा संपादन सॉफ्टवेअरमधील एक पद्धत आहे. या पद्धतीत चित्रावर आखलेला निवडीचा आयत लहानमोठा केला, तरी त्याची रुंदी आणि उंची यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलत नाही. एखाददुसऱ्या चित्रासाठी ही निवड माउसने करता येते. चित्रे शेकड्यांनी असतील, तर त्यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या सूचनांची छोटी संहिता, लिहिली जाते. ओळखपत्रे, परीक्षांचे ऑनलाइन अर्ज, शाळांच्या विद्यार्थी-नोंदी आणि संकेतस्थळांवरील चित्रदालने यांसाठी या पद्धतीचा उपयोग होतो.

संकल्पना

आयताची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून त्याची घडण कळते. त्याचे आकारमान कळत नाही. भारताचा राष्ट्रध्वज हे याचे परिचित उदाहरण होय. ध्वजसंहितेत ध्वजाची लांबी व उंची यांचे गुणोत्तर ३:२ असे ठरवून दिलेले आहे. ६३०० × ४२०० मिलिमीटरचा भव्य ध्वज असो वा १५० × १०० मिलिमीटरचा टेबलावरचा, दोहोंत गुणोत्तर एकच असते.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र एकच गुणोत्तर रूढ नाही. ३५ मिलिमीटर फिल्मवरील छायाचित्राची चौकट ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ३:२ असे. अनेक डिजिटल कॅमेऱ्यांनी तेच प्रमाण पुढे चालवले. मोबाइलची छायाचित्रे बहुधा ४:३ प्रमाणात असतात, तर चलच्चित्रणासाठी १६:९ रूढ आहे. छपाईसाठीच्या पासपोर्ट आकाराच्या छायाचित्राचे प्रचलित माप ३५ × ४५ मिलिमीटर, म्हणजे ७:९ आहे. एका प्रमाणातील चित्र दुसऱ्या प्रमाणाच्या चौकटीत बसवावयाचे झाले, की प्रश्न उभा राहतो.

कातरणे आणि ताणणे

हा प्रश्न मुख्यतः तीन प्रकारे सोडवला जातो. पहिल्या प्रकारात चित्राचा काही भाग कातरून टाकतात. दुसऱ्यात चित्राभोवती कोरी पट्टी सोडतात. तिसऱ्यात संपूर्ण चित्र ताणून किंवा दाबून चौकटीत बसवतात. पहिल्या दोन प्रकारांत चित्रातील वस्तूंची घडण कायम राहते. तिसऱ्यात ती बिघडते. स्थिर गुणोत्तराची निवड हे पहिल्या प्रकाराचे साधन आहे.

यांतील फरक परीक्षेच्या अर्जात स्पष्ट दिसतो. बँकांतील पदांसाठी परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था मुंबईत आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासह राज्यभरातील विद्यार्थी तिच्या परीक्षांचे अर्ज ऑनलाइन भरतात. तिच्या जाहिरातींतील सूचनांत छायाचित्राचे माप ४.५ × ३.५ सेंटिमीटर असे दिलेले आढळते. त्याचबरोबर अपलोड करावयाच्या प्रतिमेसाठी २०० × २३० पिक्सेल हे माप श्रेयस्कर म्हटलेले असते. पहिल्या मापाचे गुणोत्तर ७:९ आहे आणि दुसऱ्याचे २०:२३. ही दोन्ही मापे एकाच घडणीची नाहीत.

स्टुडिओतून ७:९ प्रमाणात मिळालेले छायाचित्र थेट २०० × २३० पिक्सेलमध्ये ताणून बसवले, तर उंचीच्या तुलनेत रुंदी सुमारे १२ टक्क्यांनी वाढते आणि चेहरा रुंद दिसू लागतो. तेच छायाचित्र आधी २०:२३ प्रमाणात कातरून मग लहान केले, तर चेहऱ्याची घडण मूळची राहते. परीक्षाकेंद्रावर हेच छायाचित्र समोरच्या उमेदवाराशी ताडून पाहिले जात असल्याने हा फरक केवळ सौंदर्याचा नाही.

सॉफ्टवेअरमधील सोयी

गिंप हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी ते अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी असताना लिहिले आणि १९९६ साली सर्वांसाठी खुले केले. त्याच्या आयताकृती निवडीच्या साधनात गुणोत्तर, रुंदी, उंची किंवा पूर्ण आकारमान यांपैकी एक गोष्ट स्थिर ठेवता येते. अडोबी कंपनीच्या फोटोशॉपमधील आयताकृती निवडीच्या साधनातही मुक्त निवड, स्थिर गुणोत्तर आणि स्थिर आकारमान असे तीन पर्याय असतात.

स्थिर गुणोत्तर आणि स्थिर आकारमान यांत गल्लत होऊ देऊ नये. स्थिर आकारमान २०० × २३० ठेवले, तर मोठ्या छायाचित्रातील नाकाडोळ्यापुरता तुकडाच निवडला जाईल. स्थिर गुणोत्तर २०:२३ ठेवले, तर संपूर्ण चेहरा व खांदे यांभोवती आयत ओढता येतो आणि नंतर ती निवड हव्या त्या पिक्सेलसंख्येपर्यंत लहान करता येते.

स्क्रिप्ट लिहिण्यासाठी गिंपमध्ये स्कीम या संगणकभाषेवर आधारलेली स्क्रिप्ट-फू आणि पायथन यांची सोय आहे. फोटोशॉपमध्ये जावास्क्रिप्ट वापरता येते. इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर खिडकीऐवजी आज्ञांच्या ओळींवर चालते.

स्क्रिप्टमागील गणित

माउसने निवड करताना गुणोत्तर सांभाळण्याचे काम साधन करते. स्क्रिप्टमध्ये ते लिहिणाऱ्याकडे येते. गिंपमधील आयत निवडण्याच्या आज्ञेला चार संख्या पुरवाव्या लागतात : डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची. फोटोशॉपच्या स्क्रिप्टमध्ये त्याऐवजी आयताच्या चार कोपऱ्यांचे निर्देशक देतात. दोन्हीकडे आरंभबिंदू चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि उभे अंतर खालच्या दिशेने वाढत जाते. शाळेतील आलेखकागदावर ते वरच्या दिशेने वाढते; या उलटेपणामुळे नवशिक्यांची निवड अनेकदा भलत्याच जागी पडते.

चित्राची रुंदी ‘र’, उंची ‘उ’ आणि हवे असलेले गुणोत्तर ‘क : ख’ मानल्यास सर्वांत मोठा बसणारा आयत पुढील नियमाने मिळतो.

१. ‘र × ख’ आणि ‘उ × क’ या दोन गुणाकारांची तुलना करावी.
२. पहिला गुणाकार मोठा असेल, तर चित्र हवे त्याहून रुंद आहे. पूर्ण उंची घ्यावी आणि रुंदी ‘उ × क ÷ ख’ ठेवावी.
३. पहिला गुणाकार लहान असेल, तर चित्र हवे त्याहून उंच आहे. पूर्ण रुंदी घ्यावी आणि उंची ‘र × ख ÷ क’ ठेवावी.
४. दोन्ही गुणाकार समान असतील, तर कातरण्याची गरज नाही.

उदाहरणार्थ, मोबाइलवर उभे काढलेले छायाचित्र ३००० × ४००० पिक्सेलचे आहे आणि गुणोत्तर २०:२३ हवे आहे. पहिला गुणाकार ६९,००० आणि दुसरा ८०,००० येतो. म्हणजे चित्र अधिक उंच आहे. रुंदी ३००० ठेवल्यास उंची ३४५० येते आणि ५५० पिक्सेल कातरावयाचे उरतात.

पूर्णांकांचा प्रश्न

पिक्सेलचा अंश घेता येत नाही. त्याच छायाचित्रातून ७:९ गुणोत्तर हवे असेल, तर ३००० रुंदीस ३८५७.१४ इतकी उंची येते. ती ३८५७ धरली, तर गुणोत्तर किंचित ढळते. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. तथापि अचूक गुणोत्तर हवे असल्यास दोन्ही बाजू गुणोत्तराच्या एकाच पटीत घेतात. ३००० मध्ये ७ हा ४२८ वेळा जातो व ४ उरतात; म्हणून रुंदी ७ × ४२८ = २९९६ आणि उंची ९ × ४२८ = ३८५२ घेतल्यास गुणोत्तर तंतोतंत ७:९ राहते. त्यासाठी रुंदीतले केवळ ४ पिक्सेल सोडावे लागतात.

निवडीची जागा

आयताचे आकारमान गणिताने ठरते. तो चित्रात कोठे ठेवावा, हे गणित सांगत नाही. बहुतेक साध्या स्क्रिप्ट त्याला मध्यभागी ठेवतात. वरील उदाहरणात तसे केल्यास वरून २७५ आणि खालून २७५ पिक्सेल जातील. चेहरा चित्राच्या वरच्या भागात असेल, तर केस किंवा कपाळ कापले जाण्याचा धोका असतो. म्हणून उभ्या छायाचित्रांसाठी उरलेल्या भागाचा लहान हिस्सा वरून व मोठा खालून कापण्याचा नियम करता येतो. एक-पंचमांश वरून घेतल्यास वरचे ११० व खालचे ४४० पिक्सेल जातात.

वास्तूंच्या छायाचित्रांतही हाच प्रश्न येतो. अहिल्यानगर शहराजवळील डोंगरावरची सलाबतखानाची कबर ‘चांदबिबीचा महाल’ या नावाने ओळखली जाते. ती अष्टकोनी आणि तीन मजली आहे. तिचे उभे छायाचित्र १६:९ च्या आडव्या पट्टीत मध्यभागी कातरले, तर मजल्यांची चढती रचनाच नाहीशी होऊ शकते. अशा वेळी आडवे छायाचित्र निवडणे किंवा बाजूंना कोरी पट्टी सोडणे अधिक योग्य ठरते.

दक्षता

स्क्रिप्ट अनेक चित्रांवर चालवण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

- मूळ चित्रांच्या प्रती करून त्यांवरच काम करावे. कातरून त्याच नावाने साठवलेला भाग परत मिळत नाही.
- पुष्कळ मोबाइल चित्र आडवेच साठवतात आणि ते उभे दाखवावे, अशी नोंद फाइलमध्ये ठेवतात. ही नोंद आधी अमलात आणली नाही, तर स्क्रिप्ट रुंदीला उंची समजते.
- आधी कातरावे आणि मग लहान करावे. फाइलचे वजन किलोबाइटच्या मर्यादेत आणण्याचे काम शेवटी करावे.
- प्रथम चार-पाच निरनिराळ्या चित्रांवर चाचणी घ्यावी. एकटे उभे, एकटे आडवे आणि चेहरा कडेला असलेले चित्र त्यांत अवश्य असावे.
- तयार झालेले प्रत्येक चित्र माणसाने एकदा पाहावे.

मर्यादा

चित्रात चेहरा कोठे आहे, हे साध्या स्क्रिप्टला कळत नाही. चेहरा ओळखणाऱ्या प्रणाली तिला जोडता येतात. परंतु त्यांचाही निर्णय चुकू शकतो. स्क्रिप्टचा नियम सर्व चित्रांना सारखाच लागू होत असल्याने त्यातील एक चूकही सर्व चित्रांत सारखीच उमटते. अर्जासाठीची मापेही परीक्षेगणिक बदलतात. म्हणून गुणोत्तर स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी न लिहिता आरंभी एकाच जागी लिहितात आणि प्रत्येक वेळी चालू जाहिरातीतील सूचनेशी पडताळून पाहतात.