अर्धांगवायूवर मूळपेशींचा उपाय : आशा किती, आधार किती?

घरातल्या कर्त्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे सारे घरच एका बाजूला कलते. जीव वाचतो, माणूस दवाखान्यातून घरी येतो. पण हात लुळा, पाय ओढत चाललेला आणि शब्द जिभेवर येता येता अडकलेला. मग चहूकडून सल्ले सुरू होतात. कोणी तेल सांगतो, कोणी गावाकडचा वैदू सांगतो, कोणी कबुतराचे रक्त चोळा म्हणतो. आणि अलीकडे एखादा शिकलासवरलेला भाचा येऊन म्हणतो, "मामी, स्टेम सेल म्हणून नवा उपाय निघालाय. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होतो म्हणे!"

पहिले सल्ले आपण हसून टाळतो. हा मात्र टाळवत नाही, कारण तो विज्ञानाच्या तोंडून आलेला वाटतो. खर्च मोठा असतो. मामी मनात दागिन्यांचा हिशेब करू लागते. म्हणून हा उपाय नेमका आहे तरी काय आणि तो आज कुठवर आला आहे, हे नीट समजून घेऊ या.

पहिली गोष्ट ही की, लुळा पडतो हात, पण आजार असतो मेंदूचा. मेंदूला रक्त नेणाऱ्या एखाद्या वाहिनीत गुठळी अडकते किंवा क्वचित ती वाहिनी फुटते. त्या वाहिनीवर जगणारा मेंदूचा भाग उपाशी पडतो. आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. मोठी वाहिनी बंद झाली, तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब 2006 साली मांडला गेला. मोडलेले हाड सांधते, खरचटलेली कातडी भरून येते. पण मेलेली चेतापेशी पुन्हा उगवत नाही. मूळपेशींविषयीची सारी ओढ या एका अडचणीतून निर्माण झाली आहे.

मूळपेशी म्हणजे काय? आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींचा धंदा ठरलेला असतो. स्नायूची पेशी आकसते, रक्ताची तांबडी पेशी प्राणवायू वाहते. मूळपेशीचा धंदा अजून ठरायचा असतो. ती स्वतःसारख्या पेशी निर्माण करते आणि गरजेप्रमाणे निराळ्या कामाच्या पेशींनाही जन्म देते. हाडांच्या मगजात अशा पेशी असतात आणि त्यांच्यापासून आपले रक्त रोज नवे होते. टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक या दोघा शास्त्रज्ञांनी 1961 साली उंदरांवर प्रयोग करून हे दाखवून दिले.

या पेशींनी माणसे वाचतात यात शंका नाही. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी आपल्या देशातले पहिले यशस्वी मगजारोपण केले. त्याच संस्थेच्या नवी मुंबईतल्या खारघर केंद्रात आज रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर हे उपचार होतात. मग जे रक्ताला साधले ते मेंदूला का साधू नये, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर नवी मुंबईच्या जुन्या रहिवाशाला चटकन पटेल. इमारती उठण्यापूर्वी ठाणे-बेलापूरच्या या पट्टीत भातशेती होती आणि खाडीचे पाणी अडवायला बांध होते. रोपे उपटून चिखलात लावली की ती धरतात, कारण ती जमीन भाताचीच. रक्ताच्या मूळपेशीचे तसेच आहे. ती मगजातून निघते आणि पुन्हा मगजातच रुजते. पण बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या शेतात तीच रोपे लावली तर? झटक्यानंतर मेंदूची ती जागा अशी खारावलेली असते. तिथे सूज असते, पुढे वण धरतो. शिवाय चेतापेशी नुसती जगून भागत नाही. तिचे धागे दूरवरच्या हजारो पेशींशी बरोबर जुळावे लागतात. त्यात आणखी एक मौज अशी की, शिरेतून सोडलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा मेंदूपर्यंत पोहोचतच नाहीत, वाटेत फुप्फुसातच अडकतात.

असे असूनही संशोधकांनी प्रयत्न सोडला नाही, आणि सोडू नये. कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत फायदा दिसला होता. पुढे लक्षात आले की, घातलेल्या पेशी नव्या चेतापेशी बनतात असे फारसे घडत नाही. त्या काही काळ जगतात आणि तेवढ्यात असे काही रस सोडतात की सूज कमी होते, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, शेजारच्या जखमी पेशी तग धरतात. रोप रुजले नाही तरी कुजून खत झाले, म्हणा ना!

आता नवी मुंबईतलेच उदाहरण घेऊ. नेरूळच्या न्यूरोजेन संस्थेतील डॉक्टरांनी 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. झटका येऊन बराच काळ लोटलेल्या 24 रुग्णांच्या स्वतःच्या मगजातल्या पेशी काढून त्यांच्या पाठीच्या कण्यातील पाण्यात सोडण्यात आल्या आणि जोडीला व्यायामाचे उपचार दिले गेले. 12 जणांच्या चालण्यात आणि 10 जणांच्या हाताच्या कामात सुधारणा नोंदली गेली. ऐकून कोणालाही वाटेल, निम्मे लोक सुधारले, आणखी काय हवे?

हवे ते एवढेच : तुलना. या अभ्यासात पेशी न घेता तोच व्यायाम केलेल्या रुग्णांचा दुसरा गट नव्हता. मग सुधारणा पेशींनी झाली की व्यायामाने, हे सांगायचे कसे? झटक्यानंतर पहिले काही महिने मेंदू स्वतःही सावरत असतो. जिवंत राहिलेले भाग गेलेल्या भागांची कामे शिकून घेतात. जुन्या रुग्णालाही नेटाचा व्यायाम आणि नवी उमेद मिळाली की फरक पडतो. त्यातून खर्च केलेल्या घराला थोडी सुधारणा मोठी दिसते, आणि उपचार करणाऱ्याच्या डोळ्यालाही ती मोठी दिसू शकते. यात कोणाची लबाडी असते असे नाही. माणसाचे मन असेच चालते.

म्हणून विज्ञानाने एक युक्ती काढली आहे. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडायचे. एकाला पेशी द्यायच्या, दुसऱ्याला नाही. बाकीचे उपचार दोघांना सारखे. आणि शेवटी तपासणाऱ्याला कोण कोणत्या गटातला, हे कळू द्यायचे नाही. आपल्या देशात अशी चाचणी झाली आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांत 120 रुग्ण घेण्यात आले. एका गटाला झटक्यानंतर साधारण अडीच-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच मगजातल्या सरासरी 28 कोटी पेशी शिरेतून दिल्या. सहा महिन्यांनी जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, जिना चढणे अशा रोजच्या कामांवरून शंभरांपैकी गुण दिले. पेशी घेतलेल्यांचे सरासरी गुण आले 63.1. न घेतलेल्यांचे आले 63.6.

हा निकाल 2014 साली प्रसिद्ध झाला. पेशींनी अपाय झाला नाही, पण फायदाही झाला नाही. आता विचार करा : दुसरा गट नसता, तर पेशी घेतलेल्या गटातली सुधारणा पाहून आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

परदेशातही हेच घडले. अमेरिकेत 2016 साली 18 जुन्या रुग्णांच्या मेंदूत थेट पेशी सोडल्याचे वृत्त आले आणि त्यातली सुधारणा पाहून मोठी आशा निर्माण झाली. मग 163 रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिच्यात तुलनेच्या गटावर पेशी न घालता शस्त्रक्रियेचे नुसते सोंग केले गेले. 2019 साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. जपानमध्ये झटक्यानंतर दीड दिवसाच्या आत दुसऱ्याच्या मगजापासून तयार केलेल्या पेशी देऊन पाहिल्या. 206 रुग्णांपैकी पेशी मिळालेल्या 104 जणांत 12 जण तीन महिन्यांनी उत्तम सावरले. न मिळालेल्या 102 जणांत 10.

मग हा मार्गच बंद झाला का? नाही. संशोधनाची दिशा बदलली आहे. काहीजण पेशींऐवजी त्यांनी सोडलेल्या रसांच्या सूक्ष्म पुटिकाच औषध म्हणून वापरता येतील का, हे पाहत आहेत. काहीजण वेळ शोधत आहेत : पेशी पहिल्या दिवशी द्याव्यात, आठवड्याने, की वण धरल्यावर? जपानच्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या साध्या पेशीचे घड्याळ उलटे फिरवून तिला मूळपेशीसारखी केली आणि 2012 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीने माणसाच्या पेशींपासून तयार केलेल्या मेंदूच्या कोवळ्या पेशी झटक्यानंतर आठवड्याने उंदरांच्या मेंदूत घातल्या असता त्या जगल्या आणि उंदरांची चाल सुधारली, असे झुरिचच्या संशोधकांनी 2025 साली दाखवले. जपानने 2024 साली डोक्याच्या दुखापतीमुळे आलेल्या लुळेपणासाठी एका पेशी-औषधाला सशर्त मान्यता दिली. थोडक्यात, काम चालू आहे. पण अर्धांगवायूवर पेशींचा सिद्ध झालेला उपाय आज नाही.

तेव्हा उद्या कोणी तुम्हांला हा उपाय सुचवला, तर घाबरू नका, भांडू नका. चार साधे प्रश्न विचारा. हा सिद्ध उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर भारताच्या चाचणी-नोंदवहीत तिची नोंद कुठे आहे? नीतिसमितीची मंजुरी आहे का? आणि पेशी न घेतलेल्यांशी तुलना केली आहे का? आपल्या देशाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे ठरावीक विकार सोडले तर मूळपेशींचा वापर मंजूर चाचणीतच व्हावा, आणि चाचणीत येणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. समोरचा पैशांचा आकडा आधी सांगत असेल, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले असे समजा.

आणि जे सिद्ध आहे ते विसरू नका. तोंड अचानक वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे जड झाले, की "जरा पडून राहा, बरं वाटेल" असे म्हणत बसू नका. 108 ला फोन करा आणि मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी गुठळी तारेने काढण्याची सोय निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत उपयोगी पडते. झटका कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर तेच आधी विचारतील. झटका येऊन गेला असेल, तर रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका, तंबाखू सोडा आणि व्यायाम शिकवणाऱ्याला महिनाभरात निरोप देऊ नका. लुळ्या हाताने वाटी उचलण्याचा प्रयत्न दिवसातून पन्नास वेळा करणे कंटाळवाणे असते खरे. पण मेंदूच्या जिवंत पेशी नवे काम शिकतात त्या याच वाटेने.

मामीला भाच्याने सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. ती अजून पुरी व्हायची होती. ती पुरी होईपर्यंत दागिने कपाटात राहू द्यावेत आणि रोज सकाळी अर्धा तास मामांचा हात धरून त्यांना दारापर्यंत चालवावे.