मैदानाची मशागत

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेनिमित्त कोलकात्यास गेलेल्या प्रवाशाचे चित्त साल्ट लेक येथील विवेकानंद युवभारती क्रीडांगणाच्या अवाढव्य प्रेक्षागाराने आणि तिकडे लोटणाऱ्या जनसंमर्दाने वेधून घ्यावे, हे स्वाभाविकच होते; परंतु उपान्त्य सामन्याच्या संध्याकाळी माझी दृष्टी खिळून राहिली ती मैदानाची निगराणी करणाऱ्या माणसांवर.

इंग्लंड आणि ब्राझील यांचा तो सामना मुळात गुवाहाटीच्या वाट्याचा; पण तेथील मैदानाची पावसाने दुर्दशा केल्यामुळे तो ऐन वेळी कोलकात्यास हलविण्याचा हुकूम सुटला, आणि तिकिटांपासून बंदोबस्तापर्यंतची सारी तजवीज दोन दिवसांत करावी लागली. हे साधले, कारण येथील जमीन सज्ज होती.

या क्रीडांगणात पूर्वी कृत्रिम हिरवळ अंथरलेली असे. ती काढून स्पर्धेसाठी बर्म्युडा जातीचे, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातले, गवत लावण्यात आले. पेऱ्यापेऱ्याला मूळ धरीत जमिनीवरून आणि जमिनीखालून पसरण्याच्या ज्या चिवटपणामुळे शेतकरी हरळीपुढे हात टेकतो, तोच चिवटपणा येथे वरदान ठरतो; तुडवलेली, उचकटलेली जागा हे गवत आपणहून भरून काढते. मात्र त्याला माणसाच्या हाताची जोड लागते. मध्यंतर होताच निगराणी करणारी ती माणसे माती सारण्याचे काटे घेऊन मैदानात पांगली. बुटांच्या खिळ्यांनी उपटलेला तुकडा मुळांसह जागी बसवायचा, भोवतालची माती काट्याने आत सारायची, पायाने हलकेच दाबायचे आणि पुढे सरकायचे, हा क्रम त्यांनी गोलांच्या तोंडाशी, जिथे झीज सर्वांत अधिक, विशेष आस्थेने चालविला.

त्या संध्याकाळी आपल्या ब्रूस्टर या खेळाडूच्या तीन गोलांच्या बळावर इंग्लंड ३-१ असे जिंकले. पुढे २८ तारखेस याच मैदानाने एकाच दिवशी दोन सामने पेलले: आधी तिसऱ्या क्रमांकाचा आणि नंतर अंतिम, ज्यात स्पेनविरुद्ध दोन गोलांनी मागे पडलेल्या इंग्लंडने ५-२ असा विजय खेचून आणला.

यजमान शहराची योग्यता ठरविताना आसनांची संख्या आणि दिव्यांची रोषणाई हिशेबात धरली जाते. त्या हिशेबात जमिनीची निगा राखणाऱ्यांचे श्रम अग्रभागी असले पाहिजेत, कारण परदेशाहून आलेल्या मुलाला निर्धास्तपणे धावता यावे, यापरते श्रेष्ठ आतिथ्य कोणते?